सत्तर हजारात व्हिएतनाम होईल का?

प्रश्न: राम राम. आम्ही नवरा-बायको भुसावळचे. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला चाललोय, मुंबई-हनोई जाऊन-येऊन तिकीट ऑफरमध्ये काढून बसलोय. आता हातात दोघांत मिळून ७० हजार आणि दहा दिवस. हनोई, हा लाँग, होई आन, सायगाव (हो ची मिन्ह सिटी) सगळं बघायचंय. ओळखीचा एजंट म्हणतो एवढ्यात होणारच नाही, पॅकेज घ्या. त्यात बायको पक्की शाकाहारी, अंडंपण नाही. काय करू?

उत्तर: राम राम दादा. एजंट अर्धं खरं बोलतोय. सगळंच बघायचं म्हटलं तर नाहीच होणार. हनोई ते सायगाव रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे, फास्ट गाडीलासुद्धा तीस तासांच्या वर लागतात, आणि विमानाने उड्या मारायच्या तर प्रत्येक उडीला तिकीट, वरून बॅगेचे वेगळे पैसे, एअरपोर्टला जायचे-यायचे वेगळे. कमी पैशातला माणूस हॉटेलात नाही बुडत, तो या उड्यांमध्ये बुडतो.

दुसरं म्हणजे दिवाळीच्या दिवसांत मधल्या व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्युए, होई आनकडे, ऐन पावसाळा असतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ही दोन्ही गावं पाण्याखाली होती. आणि त्याच दिवसांत उत्तरेत मस्त कोरडी हवा. म्हणून सरळ सांगतो, सायगाव आणि होई आन यावेळी सोडा, फक्त उत्तर करा. हनोई चार दिवस, निन्ह बिन्ह तीन दिवस, डोंगरातलं सापा तीन दिवस, बस.

निन्ह बिन्ह हनोईपासून शंभरेक किलोमीटर, गाडीने दोन-सव्वादोन तास. हा लाँगला समुद्रात जसे डोंगर उभे आहेत तसेच इथे भातखाचरात उभे आहेत, म्हणून हा लाँगच्या क्रूझचे पैसे वाचवले तरी चालतात (माझं मत, वहिनींना समुद्रच पाहिजे असेल तर मी मध्ये पडत नाही). तिथलं ताम कोक म्हणजे तीन गुहा, त्यातून होडी जाते आणि होडीवाल्या बाया वल्हं पायाने मारतात, मागे रेलून बसायचं आणि तळपायाने वल्हं ढकलायचं, हात मोकळे. आमच्या होडीतली बाई पाय चालवत चालवत फोनवर बोलत होती. राहायला होमस्टे घ्या, बरेच जण सायकल फुकट देतात, मग दिवसभर फिरायचा खर्च शून्य.

सापाला जायला हनोईहून लाओ काईपर्यंत रात्रीची रेल्वे आहे, तिथून पुढे घाटात बस. भुसावळच्या माणसाला स्लीपर काय शिकवायचं! फक्त एवढं की तिथे हार्ड स्लीपरला एका कप्प्यात सहा आणि सॉफ्ट स्लीपरला चार बर्थ असतात, हार्ड घेतलं तरी आपल्या पाठीला काही होत नाही. स्लीपर बस लवकर पोचते, पण दारातच चपला काढून पिशवीत टाकायला लावतात आणि उंच माणसाचे पाय पुढच्या सीटखालच्या खोक्यात अडकतात.

आता पैसे. तिथे सगळेच लखपती, कारण आपला एक रुपया म्हणजे साधारण ३०० डोंग. सोपा हिशोब, शेवटची तीन शून्यं उडवा आणि उरलेल्याला सव्वातीनने गुणा. एअरपोर्टहून हनोई स्टेशनला ८६ नंबरची बस जाते, ४५ हजार डोंग, म्हणजे साधारण दीडशे रुपये. शहरात ग्रॅब या टॅक्सीच्या अ‍ॅपवर भाडं आधीच दिसतं, घासाघीस नको. एटीएमने तुमच्या रुपयात हिशोब करून देऊ का विचारलं तर नाही म्हणा, तो रेट महाग पडतो. आणि २० हजार आणि ५ लाख या दोन्ही नोटा निळ्या! मी पहिल्याच रात्री अंधारात बाईकवाल्याला वीस समजून पाच लाखाची दिली आणि खोलीवर आल्यावर कळलं, सोळाशे रुपये गेले. तेव्हापासून पाच लाखाच्या नोटा पाकिटातच ठेवत नाही, पासपोर्टच्या कव्हरमध्ये.

वहिनींच्या जेवणाचं. तिथे शाकाहाराला जो शब्द आहे तो ऐकायला थेट आपल्या 'चाय'सारखा लागतो, आणि हनोईकडे चहाला म्हणतात जवळजवळ 'चा'. म्हणजे खान्देशी माणसाने चा मागितला तर चहा येतो आणि शहरी होऊन चाय मागितली तर समोर टोफू-भात! आमच्या मावशीचं असंच झालं, तिने तो खाल्ला पण, म्हणाली बरा आहे, नुसतं तिखट नाही. साध्या हॉटेलात भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो म्हणून 'चाय' (CHAY) पाटी असलेल्याच जागा बघा, तिथे माशाची भानगड नसते, अंड्याचं तेवढं विचारून घ्या. चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले पुष्कळ बौद्ध लोक शाकाहार पाळतात, म्हणजे दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास या जागा गजबजलेल्या सापडतील. तरी डब्यात ठेचा, शेव आणि पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या असू द्या. केबिन बॅगेची मर्यादा बऱ्याच स्वस्त विमानांत ७ किलोच असते, घरूनच वजन करून निघा.

व्हिसा एजंटकडून काढू नका. व्हिएतनामच्या सरकारी साइटवर ई-व्हिसा माणशी २५ डॉलरला मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा. पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर तसंच भरा, वडिलांचं नाव गाळू नका.

एवढं करून दिवसाला दोघांचे पाच-साडेपाच हजार धरा. उरतील ते वहिनींकडे ठेवा.

प्रश्न: मी धुळ्याचा, वय २३, एकटाच जातोय. उत्तर व्हिएतनाममधल्या हा ज्यांगच्या डोंगरात स्कूटर भाड्याने घेऊन फिरणं सगळ्यात स्वस्त म्हणतात. घेऊ का?

उत्तर: नको रे भो. आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या वाहतूक करारावरचं असतं आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो, म्हणून ते तिथे चालत नाही. पोलिसाने अडवलं तर दंड, आणि पडलास तर वैध लायसन नाही म्हणून इन्शुरन्स हात वर करणार. घाट आपल्या लळिंगसारखा नाही, एका बाजूला सरळ दरी. तिथे 'इझी रायडर' मिळतो, लोकल पोरगा गाडी चालवतो, तू मागे बस. पैसे थोडे जास्त जातील, पण फोटो काढायला दोन्ही हात मोकळे.