धावून थांबल्यावर येणारी उबळ

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची. पोलीस भरतीसाठी पहाटे ८०० मीटरचा सराव करते. धावताना बरी असते. थांबल्यावर पाच-सात मिनिटांनी खोकल्याची उबळ येते, छातीत शिट्टी वाजते. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप शमतं. शेजारी म्हणतात, खारी हवा बाधते, सराव सोडा. सोडायचा का?
– एक आई, देवगड

उत्तर : सोडायचा नाही, आधी तपासणी करून घ्या. नुसती दमछाक थांबल्यावर उतरू लागते. इथे त्रास थांबल्यावर चढतोय, म्हणजे बहुधा श्वासनलिका आवळतात. जोरात धावताना तोंडाने भराभर श्वास घेतला जातो, नळ्यांचं अस्तर कोरडं पडतं आणि भोवतीचे स्नायू आखडतात. त्यामुळे दमट खाऱ्या हवेला उगाच बोल लावू नका. जानेवारीच्या पहाटेचा गार, कोरडा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा, भाजावळीचा (शेत भाजण्याचा) धूर, भिंतीवरची बुरशी यांवर संशय घ्या.

स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) बसल्या जागी केली तर नॉर्मल येऊ शकते. म्हणून धावण्याआधी आणि नंतर ५, १०, १५, ३० मिनिटांनी फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा जास्त घटली, तर निदान पक्कं. सोबत हिमोग्लोबिनही बघा. मुलींमध्ये ते तपासायचं हमखास राहून जातं.

डॉक्टरांनी सालब्युटामॉलचा (आवळलेल्या नळ्या सैल करणाऱ्या औषधाचा) पंप दिला, तर साधारणपणे धावण्याआधी १५ मिनिटं दोन पफ, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून). पंप हलवा, पूर्ण श्वास सोडा, एक पफ दाबून सावकाश आत ओढा, दहा सेकंद धरा. दुसरा अर्ध्या-एक मिनिटाने. दोन्ही पफ एकदम मारले की औषध वाया जातं. पंपाची सवय लागत नाही. पण हाच पंप रोज लागू लागला तर त्याचा असर घटतो. तेव्हा सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप रोज घ्यावा लागतो, हे डॉक्टरांना विचारा. शिवाय १०-१५ मिनिटं वॉर्मअप, मध्ये दोन-तीन छोट्या जोरदार धावा. त्यानंतर काही काळ नळ्या कमी आवळतात.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, कबड्डी खेळतो. ऐन चढाईत घसा आवळतो, श्वास आत घेताना घरघर होते. थांबला की पाचेक मिनिटांत बरा. पंपाने फरक नाही.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : हे बहुधा छातीचं नाही, स्वरयंत्राचं. श्रमात ते उघडायच्या ऐवजी अरुंद होतं, म्हणून पंप लागू पडत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून बघतील. उपाय मुख्यतः श्वासाच्या प्रशिक्षणाचा. मात्र खेळताना भोवळ आली, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर ईसीजी आणि इको या हृदयाच्या तपासण्या झाल्याशिवाय मैदानात पाठवू नका. घरात तरुण वयात कुणी अचानक गेलं असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.