मायग्रेनला फिट्सची गोळी का देतात?
नौपाड्यातला केमिस्ट टोपिरामेट बघून ‘ही तर फिट्सची गोळी’ म्हणाला, म्हणून वहिनींनी घाबरू नये. डॉक्टरांनी बरोबरच लिहिलंय. दोन्ही आजारांत मेंदूच्या पेशी चटकन उत्तेजित होतात. मायग्रेनमध्ये कधीकधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात ना, तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत बदलाची लाट सरकत असते, मिनिटाला जेमतेम २ ते ५ मिलिमीटर! टोपिरामेट मेंदूच्या पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचा जोर कमी करतं, त्यांना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा वाढवतं, त्यामुळे ती लाट सहजी उठत नाही, असं मानतात. फिट्सची प्रत्येक गोळी मात्र इथे चालत नाही. फरक दिसायला महिना-दोन महिने लागतात. कदाचित बोटांना मुंग्या येतील, सोडा बेचव लागेल. मुतखड्याची शक्यता असते, तेव्हा ठाण्याच्या उकाड्यात पाणी भरपूर प्यायला सांगा. बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं.