चमकपट्टीचं जॅकेट कधी बदलावं?

प्रश्न : गोदामात फोर्कलिफ्ट चालतात. कामगारांची जॅकेटं मंद दिसू लागलीत, पण कापड धड आहे. बदलावीत का?

उत्तर : कापड फाटायची वाट पाहू नका. दिवसा फ्लुरोसंट रंग उठून दिसतो. तो उन्हाने उडतो, म्हणून सावलीत वाळवा. अंधारात पट्टी काम करते. तिच्यातले बारीक काचमणी ब्लीच आणि ब्रशने जातात. जॅकेट उलटं करून, लेबलवरच्या तापमानातच धुवा; फॅब्रिक सॉफ्टनर नको.

तपासताना अंधारात दहा पावलांवर जुनं-नवं शेजारी टांगा आणि टॉर्च डोळ्यालगत धरा. कमरेशी धरलेल्या टॉर्चने काहीच कळत नाही, कारण पट्टी प्रकाश आला तिकडेच परतवते. ती काळपट किंवा ठिपकेदार दिसली, तर जॅकेट बाद.

नव्यावर पट्टी किमान ५ सेंमी रुंद हवी, लेबलवर ईएन आयएसओ २०४७१ (ठळक दिसणाऱ्या सुरक्षा कपड्यांचं मानक). स्वस्तातली नुसती चंदेरी पट्टी शोभेचीच!