लूपस्टॅट्सची फाइलच तयार होत नाही

प्रश्न : पणजीतल्या आमच्या ऑफिसच्या एनटीपी सर्व्हरवर (संगणकांची घड्याळं जुळवणारा सर्व्हर) लूपस्टॅट्स, म्हणजे घड्याळाच्या चुकीच्या आकडेवारीची नोंद, सुरू केली, पण फोल्डर रिकामाच. काय चुकलं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : बहुधा परवानगी. 'स्टॅट्सडिर' या सेटिंगमध्ये दिलेला फोल्डर एनटीपीडी (एनटीपी चालवणारा प्रोग्रॅम) स्वतः बनवत नाही. तो तयार करून मालकी एनटीपी युजरला द्या. मग 'स्टॅटिस्टिक्स लूपस्टॅट्स' आणि 'फाइलजेन लूपस्टॅट्स फाइल लूपस्टॅट्स टाइप डे एनेबल' या ओळी एनटीपीच्या सेटिंग फाइलीत घालून सर्व्हिस रीस्टार्ट करा.

नोंदीतला तिसरा आकडा घड्याळाची चूक, सेकंदांत : 0.002 म्हणजे 2 मिलिसेकंद. चौथा घड्याळाच्या वेगातली चूक, पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग); रात्री एसी बंद झाला की तो सरकलेला दिसेल, घाबरू नका. वेळ यूटीसीत (आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते, म्हणून नवी फाइल पहाटे साडेपाचला सुरू होते. जुन्या फाइली मात्र आपोआप पुसल्या जात नाहीत. ते काम क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) लावा.