माळ्यावरचे पाइप, पाच आठवडे बंद घर आणि ९,००० डॉलर

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. दिराच्या लग्नासाठी डिसेंबर-जानेवारीत पाच आठवडे नाशिकला जातोय, घर बंद असेल. पाण्याचे पाइप माळ्यावरून गेलेत, थंडीत ते गोठून फुटतील ही भीती. ते खालच्या भिंतींतून फिरवायला प्लंबर ९,००० डॉलर मागतो. गळती झाली की आपोआप पाणी तोडणारा व्हॉल्व्ह बसवून १,१०० ला पडतो. अडीअडचणीचा निधी १४,००० आहे. घराचा विमा ४,५०,००० चा, डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा) विम्याच्या रकमेच्या १ टक्का. काय करावं?

उत्तर : ताई, या एका प्रवासापायी ९,००० घालू नका. ते काम वाईट नाही, पण ते दिल्यावर हातात ५,००० उरतात. तुमचं डिडक्टिबल ४,५०० आहे. वसंतात गारपिटीने छप्पर गेलं (तुमच्या भागात ही नवलाई नाही), तर शिल्लक ५०० डॉलर. पाइप वाचवून घर उघड्यावर टाकण्यातला प्रकार.

धोका मात्र खरा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसचा पारा उणे १९ सेल्सियसपर्यंत उतरला आणि त्याच वेळी वीज गेली. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये दाब वाढतो आणि पाइप फुटतो. तेव्हा थेंबही गळत नाही. बर्फ वितळला की पाणी सुटतं, आणि तुम्ही नाशिकला असाल तर ते दिवसेंदिवस वाहत राहील. खर्च पाइपाचा नसतो, छत, लाकडी फरशी आणि बुरशीचा असतो.

म्हणून निघताना मेन व्हॉल्व्ह (घरात येणारं सगळं पाणी तोडणारा) बंद करा, सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा. खर्च शून्य. वीज गेली तरी हा उपाय टिकतो. फोमचं वेष्टण गोठणं फक्त लांबवतं. वॉटर हीटर टाकीशिवायचा आणि बाहेरच्या भिंतीवर असेल तर तोही रिकामा करून घ्या, कारण त्याचं गोठणरक्षण विजेवर चालतं. घरात अग्निशमनाचे फवारे असतील तर त्यांची लाइन स्वतः बंद करू नका, आधी जाणकाराला विचारा.

हीटिंग १३ अंशांवर (म्हणजे ५५ फॅरनहाइट) चालू ठेवा. बिल येईल, येऊ द्या. बहुतेक पॉलिसींत रिकाम्या घराच्या गोठण्याची भरपाई तेव्हाच मिळते, जेव्हा घर उबदार ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली असते किंवा पाणी तोडून पाइप रिकामे केलेले असतात. तुम्ही दोन्ही करा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. पॉलिसीतलं ते कलम एकदा स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. ५,००० च्या नुकसानीवर तुम्हाला ५०० मिळतील आणि क्लेमची नोंद काही वर्षं मागे लागेल. तेव्हा छोटा फटका स्वतःच सोसायचा, असं धरून चला.

१,१०० चा व्हॉल्व्ह मला पटतो, पण प्रवासासाठी नव्हे. प्रवासात मेन बंदच असेल. तुम्ही घरी झोपलेले असताना किंवा ऑफिसात असताना तो कामाचा. बोनस आला की घ्या. विमा कंपनी त्यावर हप्त्यात सूट देते का, तेही विचारा. पाइप फिरवण्याचं काम बाथरूमची दुरुस्ती कधीतरी काढाल तेव्हा, आणखी दोन प्लंबरचे भाव घेऊन.

मेन व्हॉल्व्ह या शनिवारीच फिरवून पाहा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह अडकून बसतो. तसं असेल तर निधीतला पहिला खर्च तो बदलण्याचा.