फुकटच्या दोन रात्री आणि दरमहा साडेसहा हजार

पत्र आलं आहे ते हॉटेलबद्दल. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी पोहोचून सोमवारी परत, अशी नवरा-बायको आणि नऊ वर्षांच्या मुलाची हैदराबादची सहल ठरते आहे. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी दोन पर्याय काढले आहेत. पहिलं हायटेक सिटीतलं चकचकीत हॉटेल. तिथल्या दोन रात्री क्रेडिट कार्डाच्या पॉइंटमधून फुकट आणि तिसऱ्या रात्रीचे 5,400 रुपये रोख. दुसरं आबिड्समधलं साधं, स्वच्छ हॉटेल, रात्रीला 3,400. शुक्रवारी चारमिनार, चौमहल्ला राजवाडा आणि सालारजंग संग्रहालय, शनिवारी रामोजी फिल्म सिटी, रविवारी गोवळकोंडा किल्ला. एकूण खर्च 35,000, तोही कार्डावरच, 'म्हणजे आणखी पॉइंट मिळतील'. कोणतं हॉटेल घ्यावं?

उत्तर आबिड्स. का, ते चटकन सांगतो, कारण मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर.

आबिड्सच्या तीन रात्री 10,200, त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 10,700. हायटेक सिटीत तिसऱ्या रात्रीचे करासकट 5,700. दिसायला पाच हजारांची बचत. पण हायटेक सिटी शहराच्या पश्चिम टोकाला आणि तुम्हाला पाहायचंय ते बहुतेक सगळं दुसरीकडे. जुनं शहर वीसेक किलोमीटर लांब, रामोजी तर शहर ओलांडून पूर्वेला हमरस्त्यावर. मेट्रो आहे, पण अमीरपेटला गाडी बदलून जुन्या शहराजवळच्या एमजीबीएस बसस्थानकाला उतरेपर्यंत तासभर जातो आणि नऊ वर्षांचं पोर संध्याकाळी परतताना मेट्रो नको म्हणतं, कॅबच लागते. तीन दिवसांचे साडेतीन हजार धरा. उरली दीड हजाराची बचत, आणि त्यासाठी रोज दोन-अडीच तास रस्त्यात. गोवळकोंडा तेवढा दोन्हीकडून साधारण सारखाच लांब. तुमची गाडी नामपल्ली स्थानकावर येते, तिथून आबिड्स हाकेच्या अंतरावर.

आता पत्राचा चौथा परिच्छेद. तो तुम्ही ओघात लिहून गेलात, मी तिथेच अडकलो.

'कार्डावर सध्या 1,60,000 बाकी आहेत, पण दरमहा 8,500 न चुकता भरतो. शिवाय अडीअडचणीसाठी अडीच लाखांची मुदत ठेव आहे, तिला हात लावत नाही. दिवाळीच्या बोनसमधून कार्डाचं बरंचसं मिटवू.'

'न चुकता' हा शब्द वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही हे शिस्त म्हणून करताय. तुम्हीच लिहिलेल्या दराने, महिना साडेतीन टक्के, 1,60,000 वर 5,600 रुपये व्याज. व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी हजार. झाले 6,600. तुम्ही भरता त्या 8,500 मधले 1,900 काय ते मुद्दलात जातात, तेही त्या महिन्यात नवी खरेदी केली नसेल तर. वर्षाचे जवळपास 79,000 नुसत्या व्याजात. तुमच्या दोन फुकट रात्रींची किंमत 10,800, म्हणजे बँकेला दीड-पावणेदोन महिन्यांत तुमच्याकडून आपोआप मिळणारी रक्कम. आवळा देऊन कोहळा काढणं ते हेच, फक्त आवळ्याला पॉइंट म्हणतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, कार्ड विकणारा तर कधीच सांगत नाही. मागची बाकी पूर्ण फेडली नसेल, तर नव्या खरेदीला ती 45-50 दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. सहलीचे 35,000 कार्डावर घातलेत की पहिल्या महिन्यापासून साधारण 1,450 रुपयांचा वाढीव भुर्दंड. तुम्ही चारमिनारसमोर फोटो काढत असाल तेव्हाही मीटर चालूच.

दुसऱ्या खिशात मात्र अडीच लाखांची ठेव, पावणेसात टक्क्यांची. 1,60,000 वर वर्षाला सुमारे 11,000 मिळतात, कर वेगळा. स्वतःचे पैसे बँकेला पावणेसात टक्क्यांनी द्यायचे आणि तिच्याकडूनच 42 टक्क्यांनी घ्यायचे, वर जीएसटी. ठेव अडीअडचणीसाठी आहे म्हणता. अहो, अडचण दहा महिन्यांपूर्वीच घरात येऊन बसली आहे.

दहा महिने, कारण ही बाकी नेमकी कधी सुरू झाली तेही पत्रात आहे. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने 'सात वर्षं भरा, पैसे जवळजवळ दुप्पट' म्हणून पॉलिसी गळ्यात मारली, हप्ता एक लाख, आणि त्यानेच सुचवलं की कार्डावर भरा, पॉइंट मिळतील. माणसाने दोन उद्दिष्टं एका फोनवर पूर्ण केली, त्याचं कौतुकच करायला हवं. एका लाखावर दहा महिन्यांचं व्याज आणि कर मिळून चाळीस हजार झालं. तो हप्ता तुम्हाला एक लाखाला पडलेला नाही, एक चाळीसला पडला.

आणि 'जवळजवळ दुप्पट' म्हणजे काय? सात लाख भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर साडेबारा लाख मिळायचे. प्रत्येक हप्ता सरासरी बारा वर्षं अडकतो. दरसाल परतावा जेमतेम 5 टक्के. दुप्पट होतात हे अर्धसत्य, किती वर्षांत ते विचारायचं असतं. विमाछत्र दहा लाखांचं, म्हणजे महिना 95,000 घरी येणाऱ्या कुटुंबाचं वर्षभरही नीट निघणार नाही. नवऱ्याचं वय 38, तंबाखू-सिगारेट नसेल तर एक कोटीचा निव्वळ मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) वर्षाला साधारण पंधरा-वीस हजारांत मिळतो. तुमचा पगार पत्रात वेगळा दिलेला नाही, पण तोही घराला लागत असेल तर तुमचाही घ्या.

पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आहे आणि तो कशातून भरणार याबद्दल पत्रात अक्षर नाही. मी सांगतो कशातून, कार्डातून. म्हणून तो भरू नका. पहिलं वर्ष पूर्ण होऊन वर्षाचा हप्ता भरलेला असला की नव्या नियमांनुसार पॉलिसी सोडल्यावर काही रक्कम परत मिळते. पूर्वीसारखं सगळंच बुडत नाही. ती रक्कम विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवा, मॅनेजरकडून तोंडी नको. देय तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, त्यामुळे 'आजच भरा नाहीतर सगळं जाईल' असा फोन आला तर घाबरू नका. नुकसान होईल, हे लपवत नाही. पण पहिलं नुकसान भरून निघावं म्हणून आणखी सहा लाख ओतायचे, आणि तेही उसने, याला मी गुंतवणूक म्हणणार नाही.

कार्डाचं काम मात्र या आठवड्यात उरका. ठेव मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल टक्काभर व्याज कमी मिळेल, म्हणजे वर्षाला दोन-अडीच हजारांचा फटका. इकडे दिवसाला सव्वादोनशे जाताहेत. बँकेत मोडण्यापेक्षा ठेवीवर कर्ज घ्या असं सुचवतील. कार्डापेक्षा ते कितीतरी स्वस्त, पण तुम्हाला आणखी एक हप्ता नकोय, बाकी शून्य हवीय. 1,60,000 पूर्ण भरा, पुढच्या बिलात व्याजाची शेपटी येईल तीही भरा. दिवाळीच्या बोनसची वाट पाहू नका. बोनस हातात येण्याआधी घरात त्याचे चार मालक तयार असतात.

उरतात 90,000. यावर तुम्ही म्हणाल, मग संकटासाठी काय? हेच 90,000, आणि दरमहा सुटलेले 8,500. शिवाय बाकी शून्य असलेलं कार्ड खऱ्या आजारपणात कामाला येतं. गच्च भरलेलं येत नाही.

सहल रद्द करा असं मी म्हणत नाही, चार महिने पुढे ढकला. 8,500 चोक 34,000, सहलीचा खर्च जवळजवळ रोखीत उभा राहतो. गाडीची तिकिटं रद्द करण्यात थोडे पैसे जातील, जाऊ द्या. पॉइंट तोवर मुदतीत असतील तर ठेवा, त्याच संकेतस्थळावर नामपल्ली-आबिड्सकडचं एखादं हॉटेल मिळालं तर खुशाल वापरा. मिळालेले पॉइंट वापरण्यात चूक काही नाही. बोनस आला की ठेव पुन्हा भरा आणि मगच मुलाच्या नावाने पैसे कशात ठेवायचे ते विचारा.

एक बारीक दुरुस्ती तुमच्या दिवसांच्या आखणीत. सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद असतात. तुम्ही नेमका शुक्रवार त्यांना दिला आहे. पुढची तारीख ठरवतानाही शुक्रवारीच पोहोचत असाल तर त्या दुपारी गोवळकोंडा करा. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली टाळी वाजवून ती वर ऐकू जाते का हे पाहण्यात मुलाचा तास मजेत जाईल. जुनं शहर रविवारी ठेवा. नामपल्लीहून मेट्रोने एमजीबीएस, तिथून मुसी नदी ओलांडली की सालारजंग. तिथल्या घड्याळाचे टोल ऐकायला बाराच्या आधी पोहोचा, बाराला सगळ्यात जास्त वाजतात आणि गर्दीही तेव्हाच होते. शनिवारी रामोजी. त्यासाठी तुम्ही सात हजार धरले आहेत आणि पुढे कंसात 'जास्त वाटतं, वगळू का?' असं विचारलं आहे. वगळू नका. सध्या जवळजवळ तेवढेच पैसे तुम्ही दरमहा व्याजात देताय, आणि मुलाने त्यातून काहीच पाहिलं नाही.