प्रश्न परिचारिकांचे : रात्री डॉक्टरांना फोन करावा की थांबावे?

प्रश्न : जीएनएम हा परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी घेऊन मी नुकतीच एका खासगी रुग्णालयाच्या पुरुष मेडिसिन वॉर्डात रुजू झाले आहे. दिवसा इनचार्ज सिस्टर असतात. रात्री मात्र मी आणि एक मावशी, दोघीच. रुग्णाची तब्येत बिघडते आहे असे वाटले तरी डॉक्टरांना फोन करायला मन धजावत नाही. ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ असे एकदा ऐकून घ्यावे लागले आहे. फोनवर सांगितलेली औषधे द्यावीत का, हीही शंका असते. मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : फोन करावा, आणि शंका आली त्याच वेळी करावा. पहाटेपर्यंत वाट पाहिल्याने झोपेत असलेल्या डॉक्टरांची सोय होईल, पण त्या तासांची किंमत रुग्ण मोजतो. कोणी रागावले तर तो राग सहन करता येतो. उशीर भरून काढता येत नाही. मात्र फोन उचलण्याआधी दोन मिनिटे रुग्णाजवळ उभे राहून त्याला स्वतः तपासा आणि केस पेपर हातात घेऊनच बोला.

तपासताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. अनेक वॉर्डांतल्या चार्टवर नाडी आणि रक्तदाब रुग्णागणिक वेगळे असतात, पण श्वासाच्या रकान्यात ओळीने सगळ्यांना २० लिहिलेले असते, आणि हे पाहून मला फार वाईट वाटते, कारण तब्येत ढासळू लागल्याची पहिली खूण पुष्कळदा त्याच रकान्यात दिसायला हवी असते. प्रौढ माणसाचा श्वास साधारणपणे मिनिटाला १२ ते २० असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारी जी गुणपद्धत आणली, तीत श्वास २५ किंवा त्याहून अधिक असेल तर त्या एकाच नोंदीला सर्वाधिक, म्हणजे ३ गुण दिले जातात. हाताशी आकडा असला की ‘पेशंट बरा वाटत नाही’ असे मोघम बोलावे लागत नाही.

फोनवर असे बोला : ‘सर, मेल मेडिसिनमधून सिस्टर बोलतेय. बेड नंबर ९, वय ६०, न्यूमोनियासाठी काल अ‍ॅडमिट झालेत. दहा वाजता श्वास २० होता, आता २८ आहे. ऑक्सिजन चालू असूनही सॅच्युरेशन ९६ वरून ९० वर आलंय, पल्स ११८. मला तब्येत बिघडलेली वाटतेय, तुम्ही लगेच येऊन बघावं.’ शेवटचे वाक्य नव्या मुली गाळतात. आपल्याला काय हवे आहे ते स्पष्ट सांगितले नाही, तर झोपेतल्या माणसाला ती नुसती माहिती वाटते. डॉक्टर आले नाहीत, तर रात्रपाळीच्या सुपरवायझर सिस्टरना आणि वरिष्ठ डॉक्टरांना कळवा. कोणाला किती वाजता कळवले आणि काय उत्तर मिळाले, हे त्याच वेळी नर्सिंग नोट्समध्ये लिहा.

तोंडी सूचना शक्यतो तातडीच्या वेळीच घ्यावी. ऐकता ऐकता केस पेपरवर लिहावी, लिहिलेले डॉक्टरांना पुन्हा वाचून दाखवावे आणि ते ‘बरोबर’ म्हणाले की मगच औषध हातात घ्यावे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘एक-पाच’ की ‘पाच-शून्य’ असे विचारून घ्यावे. डॉक्टर वॉर्डात आले की त्या नोंदीवर त्यांची सही घ्यायला विसरू नये.

इन्शुलिन, हेपॅरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध) आणि पोटॅशियम क्लोराइड ही औषधे एकटीने तपासून देऊ नका. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरना बोलावून घ्या. पोटॅशियम क्लोराइड सलाइनमध्ये न मिसळता थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडू शकते. इन्शुलिनचा घोटाळा त्याहून सहज होतो. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींचे इन्शुलिन मिळते. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. १०० चे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला १० नव्हे, २५ युनिट जातात, आणि मध्यरात्री त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून, मोठ्याने वाचून जुळवावा. विचारताना कमीपणा वाटू देऊ नका. न विचारता सगळे करणाऱ्या नव्या मुलीचीच आम्हा जुन्या परिचारिकांना अधिक काळजी वाटते.

प्रश्न : वापरलेली सुई बोटाला टोचली, तर नेमके काय करावे? सिनिअर सांगतात, ‘रक्त पिळून काढ आणि कोणाला सांगू नको.’
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच इनचार्ज सिस्टरना सांगून कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे लागणार असतील, तर ती शक्यतो पहिल्या २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, म्हणून घटना लपवण्यात तुमचेच नुकसान आहे. हिपॅटायटिस बी लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस झाले नसतील, तर या आठवड्यातच सुरुवात करा, आणि शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करून घ्या. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. पांढरा, न भोसकला जाणारा डबा इंजेक्शनच्या ट्रॉलीवरच ठेवावा आणि तो पाऊण भरला की बदलून मागावा.